जमिनीवरचा बॉल

लांजेवार सरांच्या शोकसभेत मला बोलू दिलं नाही. ज्याच्या हातात माईक होता त्यानं माझ्याकडे पाहिलं, शेजारच्याच्या कानाशी लागला आणि भलत्याच पाहुण्याचं नाव पुकारलं. माझा स्वभाव भंडाऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. हा माणूस हार घातलेल्या फोटोसमोरच भांडण काढेल असं त्यांना वाटलं असावं. काढलंही असतं. जे बोलले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी सरांना एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. कोणी त्यांना दिव्यांगांचा देव म्हणालं, कोणी जिद्दीचा पहाड. एका पुढाऱ्यानं तर टेबल टेनिस खेळणाऱ्या या माणसाला बॅडमिंटनपटू करून टाकलं आणि त्यावरही टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसून होतो. मनात म्हटलं, देव असता तर मी दोन हात जोडून मोकळा झालो असतो. तो माणूस होता, म्हणून माझा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

मी जुन्या सामानाचा व्यापारी. मोहाडीला माझं दुकान आहे. कपाटं, पलंग, टेबलं, कूलर, जे म्हणाल ते. हातगाडीवर भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली आणि कोणाच्या बापाचा आधार न घेता इथवर आलो. माल घेताना मी समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतो, मालाकडे नंतर. आजवर घासाघिशीत मला कोणी हरवलं असेल तर लांजेवार सरांनी.

एका जुन्या क्लबचं सामान मी लिलावात उचललं होतं. त्यात टेबल टेनिसचं टेबल आलं. दुकानासमोर उन्हात उभं करून ठेवलं तर दुपारी मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर येऊन थांबली. खांदे बैलासारखे, पाय काडीसारखे, आणि केस असे विंचरलेले की फोटो काढायला निघाला असावा. स्कूटरवरून चाकाच्या खुर्चीत उतरायला मी मदत करायला गेलो तर हात झटकला.

"खुर्चीले हात नोको लावू. ते खुर्ची नाही, माही कंबर आहे. कोणाच्या कंबरेले असा हात लावतेस का?"

मग ते टेबलाशी आले. गिऱ्हाईक आधी वरची फळी ठोकून पाहतं, बॉल टाकून पाहतं. यांनी फळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मान वाकडी करून टेबलाखाली पाहत बसले. मी माझं सुरू केलं. लाकूड कसं अस्सल आहे, आता असा माल कसा मिळत नाही. ते गप्प. मी थोडा खाली आलो. ते गप्प. मी चिडून म्हणालो, "घ्यायचं नसेल तर सांगा ना साहेब, माझा वेळ काहून घालवता?"

"सेठ," ते म्हणाले, "तुम्ही टेबल विकून राहिले. मी टेबलाखालची जागा विकत घेऊन राहिलो. पाय बघा याचे. एकदम काठावर आहेत. माह्या खुर्चीचं पुढचं चाक आत जाते का?"

नाही जात. त्यांनी खुर्ची आत घालून दाखवली. लोखंडी पायावर चाक आदळलं. शेवटी मी वेल्डर बोलावला, टेबलाचे पाय आत सरकवून घेतले, आणि वेल्डिंगची मजुरीही माझ्याच माथी बसली. ते जाईपर्यंत मला कळलंच नाही की मी हरलो.

त्याच दिवशी त्यांनी कुंदाला पाहिलं. कुंदा माझी धाकटी बहीण. धानाची पोती भरलेल्या ट्रॉलीवरून पडली आणि पाठीचा मणका मोडला. तेव्हापासून कंबरेखाली काही नाही, आणि धड सरळ ठेवायलाही एका हातानं खुर्चीचा दांडा धरून बसावं लागे. दुकानाच्या मागच्या बाजूला बसून ती चाव्यांचा जुडगा वर फेकत होती आणि झेलत होती. दिवसभर तिला तेवढंच काम. सर बराच वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, "ही पोट्टी मले दे."

मी अंगावर गेलो. "दे म्हणजे? सामान आहे का ते?"

"सामान असती तर तू जास्त भाव लावला असता," ते म्हणाले. कुंदा खळखळून हसली. पडल्यानंतर ती तशी हसल्याचं मला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी तिला भंडाऱ्याला, सर शिकवायचे त्या हॉलवर नेऊ लागलो.

सर पवनीकडच्या एका खेड्यातले. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले. पाटबंधारे खात्यात कारकून होते, तिथं जेवणाच्या सुट्टीत साहेबलोक खेळायचे ते पाहून शिकले. पुढं राज्याकडून खेळले, देशाकडूनही बाहेर जाऊन आले. हे सगळं शोकसभेत सांगून झालं. जे सांगितलं गेलं नाही ते मी सांगतो.

मॅचच्या आधी ते केस विंचरायचे. हरणार हे पक्कं असलं तरी विंचरायचे. कोणी 'बिचारे' म्हणालं की त्याला नाव-गाव विचारायचे आणि मग पुढची पाच मिनिटं त्यालाच 'बिचारा अमुक' म्हणून हाक मारायचे. तर्री-पोहे खाताना वरचा तिखट रस्सा, ती तर्री, आधी पिऊन टाकायचे आणि पोह्यांकडे तक्रारीच्या नजरेनं पाहायचे. आभार मानणं त्यांना जमत नसे. रॅम्पवर कोणी मागून ढकललं तर वर पोचल्यावर मागं न वळता म्हणायचे, "झालं, आता जा."

खुर्चीवरच्या टेबल टेनिसमध्ये एक नियम आहे. बॉल मारताना मांडी गादीवरून सुटता कामा नये. सुटली तर पॉइंट गेला. सर राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्य सामना खेळत होते, शेवटचा गेम, पॉइंट बरोबरीला. लांबचा बॉल त्यांनी ताणून मारला आणि पॉइंट मिळाला. अंपायरनं हातही उचलला. सर म्हणाले, "मांडी सुटली होती." अंपायरला दिसलं नव्हतं, समोरच्या खेळाडूलाही दिसलं नव्हतं. तो सामना ते हरले. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली तेव्हा मी म्हणालो, "सर, कोणी पाहिलंच नव्हतं ना."

"मांडी माही होती ना बे," ते म्हणाले.

ऐकून मला बरं वाटलं होतं. पोरगी चांगल्या माणसाच्या हाती दिली असं वाटलं होतं.

पण याच माणसाला मी दुसरंही करताना पाहिलं. तोवर ते दिव्यांग खेळाडूंच्या जिल्हा संघटनेचे सचिव झाले होते आणि राज्य संघटनेतही त्यांचं वजन होतं. स्पर्धेच्या उद्घाटनाला एक मोठे साहेब यायचे होते. ते येईपर्यंत खुर्चीवरची सगळी पोरं मांडवाबाहेर उन्हात रांगेत. साहेब आले. सरांनी माईकवर त्यांचं असं कौतुक केलं की साहेबांनाच लाज वाटायला हवी होती. मग साहेबांसोबत प्रदर्शनी सामना. साहेबांना बॅट धरता येत नव्हती. सर एकेक बॉल नेटमध्ये घालत गेले आणि साहेब जिंकले. सरांनी स्वतः टाळ्या वाजवल्या.

सगळे गेल्यावर मी म्हणालो, "सर, मांडी सुटली ते सांगणारे तुम्हीच ना? आणि आज हे?"

ते हॉलच्या पायऱ्यांकडे पाहत होते. तिथं तेव्हा रॅम्प नव्हता. पोरांना उचलून आत न्यावं लागे.

"ते मॅच होती, हे रॅम्प आहे," ते म्हणाले. "तुले का वाटते, सिमेंट कुठून येते? असे खोटे बोल बोलूनच येते. तू व्यापारी माणूस, तुले तर समजाले पायजे."

पावसाळ्याआधी रॅम्प झाला. मला समजलं, आणि मला ते पटलंही. हा माणूस कुठं वाकायचं आणि कुठं ताठ राहायचं ते जाणतो असं मी मानलं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला तो असा, पूर्ण पाहून, पारखून.

कुंदाला ते शिकवत होते ते बॅट धरायला नव्हे. पहिले कित्येक महिने तिनं बॉल नीट मारलाही नाही. तिला खुर्चीच्या पाठीला पट्टा बांधून बसवायचे, शाळेच्या पोरांचा असतो तसला. खुर्चीच्या बाजूला जमिनीवर बॉल ठेवायचा आणि म्हणायचे, "उचल. दांडा न धरता."

ती वाकायची आणि कोसळायची. पट्टा तिला धरून ठेवायचा. ती रडायची. ते म्हणायचे, "रडून झालं तरी बॉल तसाच आहे तिथं." काही दिवसांनी पट्टा एक भोक ढिला करायचे. मग आणखी एक. मी दाराशी उभा राहून दात-ओठ खायचो. एकदा सरळ आत गेलो आणि म्हणालो, "खेळाले शिकवा ना, पाठ वाकवाले काहून लावता?"

"पाठच खेळते रे. हात तर फक्त बॅट धरते."

एक दिवस घरी जेवताना कुंदानं वाकून जमिनीवरचा पाण्याचा गडू उचलला. एका हातात ताट, दुसऱ्या हातात गडू. दांडा कोणीच धरला नव्हता. आई ताटावरून उठली आणि चुलीशी जाऊन पदरात तोंड घालून रडली. कुंदाला आम्ही का थांबलो तेच कळेना. "काय झालं बाप्पा? पानी पिऊन राहिली मी."

तो गडू सरांनी उचलायला लावला हे मी नाकारत नाही. कोणी विचारलं तर आजही सांगेन.

पुढं कुंदा जिंकू लागली. इथं थोडं समजावून सांगावं लागेल. खुर्चीवर खेळणाऱ्यांचे क्लास असतात; शरीर किती चालतं त्यावरून. कुंदा क्लास तीनमध्ये होती. हात चांगले, धडाला तोल नाही, असे त्यात येतात. चारमध्ये धड थोडंफार सावरणारे, आणि पाचमध्ये कंबर पूर्ण चालणारे. बायका कमी असल्यामुळे आमच्या राज्यात चार आणि पाच एकत्र खेळवत. म्हणजे तीनमधून चारमध्ये गेली की बाई थेट पूर्ण कंबरेच्या खेळाडूंसमोर. तीनमध्ये कुंदा राज्यात पहिली यायची. राष्ट्रीय स्पर्धेत एकदा खेळली की खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीला अर्ज करता येणार होता. घरात सगळे त्याच दिवसाकडे डोळे लावून होते. आई तर तिच्या ऑफिसला जायच्या साड्यांचे रंग ठरवत होती.

त्या वर्षी राज्य स्पर्धेच्या ठिकाणी निवडीआधी क्लासची फेरतपासणी ठेवली होती. एक डॉक्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट बाई. मी दाराशी होतो, दार उघडं होतं. प्रवासानं कुंदाचं अंग आखडलं होतं, पट्टाही बांधलेला होता. हात वर कर, पुढं झुक, मागं ये. ती झुकली पण डगमगली, दांडा धरला. डॉक्टर मान डोलावत होते. बाई म्हणाल्या, "तीनच दिसतेय." लिहायला पेन उघडलं.

सर राज्य संघटनेचे म्हणून कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "थांबा मॅडम." मग कुंदाकडे वळून, हॉलमध्ये बोलायचे त्याच आवाजात, "कुंदा, खालचा बॉल उचल."

आणि खिशातला बॉल त्यांनी तिच्या चाकाशी सोडला.

कुंदाचा चेहरा उजळला. मी तो पाहिला आहे. तिला वाटलं सर तिचं कौतुक करवून घेत आहेत, मोठ्या लोकांसमोर तिची मेहनत दाखवत आहेत. तिनं पट्ट्याकडे हात नेला आणि स्वतःच सोडून टाकला. दांडा सोडला. वाकली, बॉल उचलला, सरळ झाली. इतकं सुंदर तिनं हॉलमध्येही कधी केलं नव्हतं. बॉल तळहातावर ठेवून तिनं सरांकडे पाहिलं. शाबासकी येते का म्हणून.

बाईंनी लिहिलं, चार.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत कुंदा हरली. समोरची बाई टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अंग टाकून खेळत होती. राज्याच्या चमूत कुंदाचं नाव आलं नाही. पुढं दोन वर्षं खेळून पाहिलं, मग अर्जाचं वय निघून गेलं. साड्यांच्या रंगांचं आईनं पुन्हा नाव काढलं नाही.

कुंदा हरली त्या दिवशी हॉलबाहेर मी सरांना गाठलं. लोक जमले. माझा आवाज मोठाच आहे.

"तुम्ही गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?"

"तर तिसऱ्या क्लासातली दुसरी पोट्टी घरी गेली असती," ते म्हणाले. "गडचिरोलीकडची आहे. तिच्याच्यानं बसल्या जागी खोकलाही सावरत नाही. ती राष्ट्रीयले जाऊन राहिली आता. तिचा भाऊ इथं ओरडाले आला नाही, एवढंच."

"तिचा भाऊ मले माहीत नाही. मी हिचा भाऊ आहे."

"म्हणून तर तू इथं आहेस आन् मी तिथं होतो."

"साहेबाले जिंकू देता तेव्हा कुठं असता?"

 सरांनी केस हातानं मागं सारले आणि खुर्ची वळवली.

लोक मला सांगतात, ते बरोबर होते. शोकसभेतही एकानं हाच किस्सा सांगितला, कुंदाचं नाव न घेता. 'स्वतःच्या शिष्येलाही सोडलं नाही' म्हणून. टाळ्या पडल्या. मी म्हणतो, असतील बरोबर. मी व्यापारी आहे, खरा माल कोणता ते मलाही कळतं. क्लास चार होता तर चार. पण माझ्या धंद्यात एक रीत आहे. सौद्यात काय जाऊन राहिलं ते दोघांनाही माहीत पाहिजे. आंधळ्याच्या हातून त्याचंच सामान तराजूवर ठेवून घेत नाहीत. सांगायचं होतं तर तोंडानं सांगायचं: मॅडम, हिचं धड आता सावरतं, मी पाहिलं आहे. तेवढं पुरेसं होतं; त्यांच्या शब्दाला वजन होतं. तिच्याच हातानं का करवलं? आणि तेही ती खूश असताना?

हा प्रश्न मी कुंदालाही बोलून दाखवला होता. ती म्हणाली, "राहू दे भाऊ." बॅट तिनं आतेबहिणीच्या पोरीला देऊन टाकली आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसू लागली. आता गिऱ्हाईक माझ्यापेक्षा तिला भितं.

त्यानंतर सर दुकानात आले ते मागच्या वर्षी, बाजाराच्या दिवशी. त्यांचा डावा खांदा निकामी झाला होता. आयुष्यभर चाक ढकलून झिजला होता. कुंदासाठी मी दुकानाला उतार बांधून घेतला आहे, पण तो त्यांना चढवला नाही. खालीच रस्त्यावर थांबले. मी दारात उभा राहिलो.

"कुंदा आहे का?"

"काय काम आहे?"

"तुह्यापाशी नाही, तिच्यापाशी आहे."

कुंदा उताराच्या वरच्या टोकापर्यंत आली आणि तिथंच चाकं धरून थांबली. बाजाराला आलेले लोक दोघांच्या मधून वाट काढत होते.

"मी संघटना सोडून राहिलो," सर म्हणाले. "हॉलवर पोट्ट्या येतात. शिकवाले कोणी नाही. तू ये."

मी मध्ये पडलो. माझी घासाघिशीची वेळ आली होती आणि मी तयारच होतो. "येईल. पण आधी तिले म्हणा, 'चुकलं माहं.' एक वाक्य. साहेबांसाठी एवढं खोटं बोलले, आमच्यासाठी एक बोला."

"क्लास चारच होता," सर म्हणाले. "ते मी खोटं नाही म्हणणार."

"मग चालू लागा."

"भाऊ, तू थांब जरा," कुंदा म्हणाली. मग त्यांना, "सर, क्लासचं राहू द्या. ते मले मान्य आहे. पण तोंडानं सांगता आलं असतं ना तुमाले? मले उचलाले काहून लावलं?"

सर बराच वेळ चाकावरचा चिखल अंगठ्यानं खरवडत राहिले. मला वाटलं आता नियम सांगतील, पॅनलनं शब्दावर विश्वास ठेवला नसता म्हणतील. तसं म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं.

"मले दाखवायचं होतं," ते म्हणाले. "माहं काम होतं ते. इतक्या वर्षांत एवढं चांगलं दुसरं काही झालं नव्हतं माह्या हातून. त्या डॉक्टरनं पाहावं असं वाटलं. तुह्या नावापुढं काय लिहितील ते त्या घटकेले डोक्यातच नव्हतं. नंतर आलं."

कुंदानं मान हलवली. 

"बरं सर."

"मंग? येशील?"

"नाही सर."

तिनं खुर्ची वळवली आणि गल्ल्यावर जाऊन बसली. एका बाईला कूलरची मोटार दाखवायची होती ती दाखवू लागली.

मी तिथंच उभा होतो. मी एक वाक्य मागितलं होतं आणि माणसानं त्याहून कितीतरी जास्त टाकलं होतं, भाव न करता. आणि त्यातलं काहीच आमच्या कामाचं नव्हतं. ना नोकरी, ना वय, ना तिचा त्या दिवशीचा चेहरा. उलट आजवर मी ज्याला निदान त्याच्या खरेपणासाठी शिव्या देत होतो, तो खरेपणाही निर्भेळ नव्हता, हे मला तेव्हा कळलं. माझा राग त्या दिवशी कमी झाला नाही. फक्त त्याला उभं राहायला जी भिंत होती ती गेली.

सर स्कूटरकडे गेले. उजव्या हाताचा जोर जास्त, त्यामुळे खुर्ची सारखी एका बाजूला ओढली जायची आणि ते दर वेळी ती पुन्हा सरळ करायचे. सीटवर चढायला वेळ लागला. मग खुर्ची घडी करून मागं दोरीनं बांधायची होती. डाव्या हातात ताकद नव्हती, गाठ बसेना. त्यांनी दोरीचं एक टोक दातात धरलं, दुसरं उजव्या हातानं ओढलं आणि गाठ पक्की झाल्यावर दोरी तोंडातून सोडून थुंकले.

दुकानातून कुंदा पाहत होती. मी दारातून पाहत होतो. आमच्यापैकी कोणी हललं नाही. त्यांनीही हाक मारली नाही. स्कूटर सुरू करून, टमाट्यांच्या ढिगांमधून वाट काढत, ते भंडाऱ्याच्या रस्त्याला लागले.